तपकिरी वायर डावीकडे

अकाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, फोन रविवारी यायचा, दुपारचा चहा झाल्यावर, आणि तो आईच्या फोनवर यायचा. आई भिंतीला टेकून गादीवर बसायची, फोन हातभर लांब धरायची, आणि तिकडे रशियात, त्युमेनमध्ये, त्याला पडद्यावर तिचं अर्धं कपाळ आणि आमच्या छताच्या तुळया दिसायच्या.

"आई, फोन जरा खाली कर," तो म्हणायचा. "तुळया खुशाल आहेत, कळलं मला."

आईचं बोलून झालं की मी. शेजारची सलामत खाला आलेली असली तर मग ती. या सगळ्या वेळात यांगा, म्हणजे अकाची बायको मावजूदा, चहा ओतत असायची. अगदी शेवटी आई फोन तिच्या दिशेने वळवायची. यांगा छातीवर हात ठेवून मान खाली घालायची.

"सलाम. बरे आहात ना?"

"बरा आहे. तू बरी?"

"आम्ही सगळे बरे."

एवढं झालं की फोन परत आईकडे. सासूसमोर सून नवऱ्याशी याहून जास्त बोलत नाही आणि त्याचं नाव तर घेतच नाही. आईशी बोलताना यांगा त्याला 'तुमचा मुलगा' म्हणायची, माझ्याशी बोलताना 'तुझा अका'. तिला स्वतःचा फोन नव्हता. घरात आधीच दोन आहेत, तिसरा कशाला, असं आईचं म्हणणं. लग्नानंतर एक हिवाळा ती दोघं एकत्र राहिली, वसंतात अका रशियाला गेला, आणि आता त्याचं तिथलं दुसरं वर्ष चालू होतं.

मी त्या उन्हाळ्यात ख़ुजंदहून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी आले आणि गावच्या शाळेत शिकवायला लागले. काही रविवार पाहिल्यावर मला कळलं की यांगाला एकच गोष्ट हवी आहे: नवऱ्याशी सावकाश, मनासारखं बोलायला मिळणं. ती तसं कधी म्हणाली नाही. पण रविवारी सकाळी ती केस धुवायची, आणि संध्याकाळी भांडी घासताना तिच्याशी कोणी बोललं तर तिला ऐकू जात नसे.

"माझा फोन घे," मी एकदा म्हटलं. "कोठीत जा, दार लाव, हवं तेवढं बोल."

"चोरून?" ती म्हणाली. "माझं लग्न झालंय त्यांच्याशी, मेहर. चोरी कशाची करू?"

विजेची करवत अकाने गेल्या शरदात आमच्या खोऱ्यातल्या एका ड्रायव्हरच्या हाती पाठवली होती. नारिंगी, दोन हजार वॅटची, आणि जाड पिनांच्या प्लगची. आमच्या पडवीतलं सॉकेट आजोबांच्या वेळचं, त्याची भोकं बारीक. गावात यावर दोन मतं आहेत. काही जण कानस घेऊन पिना घासून बारीक करतात, काही जण जाड पिना तशाच ठोकून बसवतात. आमचं घर ठोकणाऱ्यांचं. एक वर्ष असं ठोकल्यावर सॉकेटच्या आतल्या पत्त्या फाकल्या आणि प्लग भोकात डुलायला लागला, पण करवत चालत होती, म्हणून कोणी बघितलं नाही.

ऑक्टोबरात घरामागचं वठलेलं जर्दाळूचं झाड शेजाऱ्यांनी पाडून दिलं. त्याचे शेगडीत मावतील असे तुकडे करायचं काम आमचं. नोव्हेंबरपासून वीज तुटक यायला लागते, म्हणून घाई होती. यांगा कापत होती, मी तुकडे रचत होते, आणि करवत एकदम थांबली. पडवीतून जळका वास आला. प्लगची एक बाजू मेणासारखी ओघळली होती आणि तिकडची पिन काळी पडली होती.

मी यांगाला कारण सांगितलं. फाकलेली पत्ती पिनेला जेमतेम टेकते. तेवढ्या जागेचा रोध अर्धा ओहम धरला, करवत नऊ अँपिअर ओढते, तर तिथे चाळीस वॅटची उष्णता तयार होते. म्हणजे प्लगच्या पोटात सोल्डरिंगची कांडी चालू करून ठेवल्यासारखं.

यांगाने काळी पिन बोटाने चाचपली. "म्हणजे जेमतेम टेकलेलंच जळतं. न टेकलेलं नाही."

"न टेकलेल्यातून वीजच जात नाही."

"हं," ती म्हणाली.

शनिवारी मी बाजारातून जाड पिनांचं नवं सॉकेट आणि नवा प्लग आणला. मुख्य स्विच बंद करून सॉकेट बसवलं. प्लग बसवायचा राहिला, कारण अंधार पडला. रविवारी फोन आला तेव्हा आईने ही बातमी आधी दिली.

"प्लग जळला रे करवतीचा. मेहर बसवते आहे आज."

"मेहर?" अका म्हणाला. "ती आधी फळ्यावर आकृती काढेल, मग वर्गाला प्रश्न विचारेल. तोवर बर्फ पडेल."

"सॉकेट मीच बसवलंय," मी मागून म्हटलं.

"सॉकेट भिंतीत असतं गं, ते कुठे जातं. केबलला दिवसभर ओढ बसते. तिथे धीराचा हात लागतो." मग तो म्हणाला, "तिला द्या."

कोणाला, हे आईने विचारलं नाही. तिने फोन चहाच्या किटलीला टेकवून उभा केला, आपण खिडकीपाशी सरकली आणि हातोडीने जर्दाळूच्या बिया फोडायला बसली. यांगाने ओढणी सारखी केली आणि केबल, सुरी, पक्कड, पेचकस पुढ्यात मांडून ती फोनसमोर बसली.

"करवत भिंतीला जोडलेली नाही ना?" अकाने विचारलं.

"प्लगच नाही, जोडू काय?"

"तेही खरं. वितळलेल्या भागाच्या वीतभर मागे केबल काप."

"एवढी वाया घालवू?"

"आतलं तांबं तापून काळं पडलं असेल. काप. काय दिसतं?"

"लालसर. नाही, काळपट आहे जरा."

"आणखी दोन बोटं काप."

"आता चकाकतंय."

"आता वरची जाड साल सुरीने गोल कोर. आरपार नको, आतल्या वायरींना चीर जाईल. अर्धवट कोर आणि केबल वाकव, साल आपोआप फाटेल."

साल फाटली. यांगाने दोन्ही वायरी फोनसमोर धरल्या, एक निळी, एक तपकिरी.

"बोट का बांधलंय?" अका म्हणाला.

"तंदुरातून नान काढताना भाजलं."

"कधी?"

"गुरुवारी."

"आई काही बोलली नाही."

"भाजलेल्या बोटाची काय बातमी करायची."

खिडकीपाशी हातोडी चालू होती, पण जरा हळू. अकाने टोकं सोलायला सांगितली, तारा पिळायला सांगितल्या, एकही तार केसासारखी सुटी राहता कामा नये म्हणाला. मग स्क्रूभोवती वळसा द्यायचा, तो स्क्रू फिरतो त्याच दिशेने, म्हणजे आवळताना तार आत ओढली जाते.

"तपकिरी कुठल्या बाजूला?" यांगाने विचारलं.

"कुठल्याही. दोन पिनांच्या प्लगला फरक पडत नाही."

हे मलाही ठाऊक होतं. पण यांगा वायर हातात धरून तशीच बसली.

"तरी. तुम्ही इथे असता तर कुठे लावली असती?"

हातोडी थांबली. त्युमेनच्या त्या खोलीत कोणीतरी भांडी आपटत होतं, तेवढाच आवाज फोनमधून आला.

"डावीकडे," अका म्हणाला. "मी डावीकडे लावली असती."

यांगाने तपकिरी वायर डावीकडे लावली. शेवटी केबलची जाड साल पट्टीखाली दाबून पट्टीचे स्क्रू आवळायचे होते, म्हणजे ओढ सालीवर बसते, तारांवर नाही.

"आता ओढून बघ," अका म्हणाला.

"ओढली."

"जोरात."

"तुमच्याच घरची केबल आहे. तोडू का?"

अका हसला. दर रविवारी तो आईला बरं वाटावं म्हणून हसायचा, हे हसणं तसलं नव्हतं. यांगाने मान खाली घातली आणि आधीच आवळलेला स्क्रू पुन्हा आवळायला घेतला.

"प्लग झाला असेल तर फोन द्या इकडे," आई म्हणाली. "माझाही एक मुलगा आहे तिथे."

तो आठवडा चांगला गेला. मी शाळेतून येईपर्यंत यांगाने पुष्कळ कापून ठेवलेलं असायचं. मधूनमधून ती करवत थांबवून पडवीत जायची आणि प्लगला हात लावून बघायची. "गार आहे," मला सांगायची. दर वेळी सांगायची.

पुढच्या रविवारी अका आईला म्हणाला की ठेकेदाराने हिवाळ्यासाठी इमारतीच्या आतलं काम दिलं आहे, लाद्या बसवायचं. दरवर्षी थंडीत बांधकाम थांबतं आणि माणसं घरी परततात. गेल्या वर्षीही त्याला असंच काम मिळालं होतं. यंदाही तो येणार नव्हता. पुढच्या शरदात बघू, म्हणाला.

"तुला जसं बरं वाटेल तसं कर, बाळा," आई म्हणाली आणि तिने ओढणीच्या टोकाने डोळे टिपले.

यांगा चहा परतत होती. प्याल्यात ओतायचा, परत किटलीत ओतायचा, असं तीनदा केलं की चहा उतरतो. ती मोजायची विसरली आणि परततच राहिली. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "सलाम, बरे आहात ना?" अका म्हणाला, "बरा आहे." मग नेहमीप्रमाणे फोन वळला.

त्यानंतर वीज सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ अशी यायला लागली. गावच्या टॉवरची बॅटरी म्हातारी झाली आहे, वीज गेली की फोनही मुका होतो. म्हणून अका संध्याकाळी दिवे आल्यावर फोन करणार असं ठरलं.

शनिवारी मी घरी आले तेव्हा करवत पडवीत आडवी पडली होती.

"चालत नाही," यांगा म्हणाली. "प्लग गेला वाटतं."

मी प्लगला हात लावला, तो गार होता. वास नाही, डाग नाही, पिना चकचकीत. मी पेचकस आणून तो उघडला. तपकिरी वायरीचा स्क्रू अर्धा वर आला होता आणि तार त्याखालून बाहेर पडली होती. पीळ जसाच्या तसा, तांबं स्वच्छ. साल पट्टीखाली घट्ट होती, म्हणजे ओढ बसून तार निसटलेली नव्हती. ती काढलेली होती.

"यांगा, हा स्क्रू कोणीतरी सैल केलाय."

"कोणीतरी म्हणजे कोण? आई आणि मेंढी सोडली तर दिवसभर घरात मीच असते."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"मला त्यांना सांगायचंय की या," ती म्हणाली. "आईंनी 'बरं' म्हटलं आणि मी चहा ओतत राहिले. त्यांना वाटलं असेल, हिला चालतंय. मला नाही चालत, मेहर."

"आईला कळेल."

"कळू दे. त्यांच्यासमोरच बोलायचंय मला. पण आधी फोन हातात तर यायला हवा. नुसत्या सलामाला देतात तेवढ्यात काय सांगू?"

मी प्लगचं झाकण होतं तसं लावून टाकलं.

रविवारी दिवे आले, फोन वाजला. शेगडीपाशी बसून आईने सगळ्या गावाची खुशाली सांगितली आणि मग प्लगचं निघालं.

"पुन्हा गेला? नवा होता की," आई म्हणाली. "मेहर, आता तू बसव बघू. त्यात फोन कशाला अडकवायचा."

"मला जमायचं नाही, आई."

"चार वर्षं ख़ुजंदला काय गाजरं चिरत होतीस?"

"आम्हाला प्रकाशाचं जास्त शिकवलं. प्लगचं नाही."

आईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मीच बसवलेलं नवं सॉकेट समोरच्या पडवीत होतं.

"ऐकलंस, आई?" अका फोनमधून म्हणाला. "पोरीला प्रकाश शिकवला आणि गावात वीज नाही. तिला दे फोन, मी सांगतो."

यांगा फोनसमोर बसली. या वेळी तिने पुढ्यात फक्त पेचकस ठेवला होता.

"कुठे जळलाय, दाखव," अका म्हणाला.

"जळलेला नाही." तिने झाकण काढून प्लग फोनपुढे धरला. "स्क्रू मीच काढला होता."

"का?"

"तुमच्याशी बोलायचं होतं."

आईच्या हातात बी होती, ती हातोडीखाली धरलेलीच राहिली. यांगाने तार वळवून स्क्रूखाली घातली आणि आवळायला लागली. ती फोनकडे बघत नव्हती, स्क्रूकडे बघत होती.

"हिवाळ्यात येत नाही म्हणालात. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. गेला हिवाळा मी काढला. हा मला काढायचा नाही. काम नंतरही मिळेल. तुम्ही या. दिलोवर, तुम्ही या."

लग्न होऊन आमच्या घरी आल्यापासून तिच्या तोंडून अकाचं नाव मी ऐकलं नव्हतं.

"आई आहे तिथे?" अकाने हळूच विचारलं.

"आहेत. ऐकतायत."

आईने हातोडी खाली ठेवली. मला वाटलं, ती हात पुढे करून फोन मागेल. यांगालाही तसंच वाटलं असावं, कारण तिने पेचकस ठेवून फोन दोन्ही हातांनी धरला.

"ऐकतेच आहे मी, बहिरी नाही," आई मोठ्याने म्हणाली, फोनपर्यंत पोचेल असं. "तिने तुला विचारलंय. मला सांगू नकोस. तिला सांग."

"मी ठेकेदाराला शब्द..." अका म्हणाला, आणि दिवा गेला. पडद्यावर त्याचा चेहरा क्षणभर तसाच राहिला, तोंड उघडं. मग तोही गेला.

नेहमीपेक्षा पुष्कळ लवकर गेली होती वीज. मी कंदील शोधून लावला. यांगा फोन धरून होती. तिने नंबर लावून पाहिला, लागला नाही.

"चार्ज किती आहे?" आईने विचारलं.

"निम्मा."

"मग बंद करून ठेव, सकाळपर्यंत टिकायला हवा. आणि तुझ्या उशाशी ठेव. मला पहाटे ऐकू येत नाही."

गोठ्यात मेंढी खोकली तरी आई जागी होते. पण यांगाने फोन बंद केला आणि तो ओढणीत गुंडाळून घेऊन गेली.

सकाळी वीज आली तेव्हा आम्ही न्याहारीला बसलो होतो. दुधाच्या खारट चहात आई नान कुस्करत होती. यांगाने फोन चालू करून हातात धरला होता. फोन वाजला. सोमवारी अका कधी फोन करत नाही. पडद्यावर त्याच्या डोक्यावर कामाचं हेल्मेट होतं आणि मागे सिमेंटची पोती.

यांगाने आईकडे पाहिलं. आईने वाडग्यातून मान वर केली नाही.

"माझ्याकडे काय बघतेस? वाजतोय तो तुझ्या हातात."

यांगा फोन घेऊन अंगणात गेली. मला शाळेला उशीर होत होता, तरी मी उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत राहिले. शब्द ऐकू येत नव्हते. ती पाडलेल्या झाडाच्या बुंध्याशी उभी होती. आधी ती बोलली, मग बराच वेळ ऐकत राहिली, एकदा तिने जोरात मान हलवली, एकदा पाठ वळवून डोळे पुसले. शेवटी तिने फोन खाली केला आणि पडद्याकडे बघत थोडी थांबली.

ती आत आली तेव्हा आईने विचारलं, "काय म्हणतो?"

"लाद्या संपेपर्यंत सोडत नाहीत म्हणाले. मध्येच सोडलं तर वसंतात कामावर घेणार नाहीत." मग म्हणाली, "मार्चात, नवरोजला येतो म्हणाले. शरदापर्यंत थांबत नाही."

"नक्की?"

"नक्की म्हणाले. पण हिवाळ्यात नाही."

"हं," आई म्हणाली. तिने किटली उचलली आणि पहिला प्याला यांगासमोर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "रविवारी आधी तू बोल. मी बिया फोडते तोवर."

वीज असेल तेवढ्या वेळात यांगाने उरलेले सगळे ओंडके कापून काढले. दक्षिणेच्या भिंतीला लागून सरपणाची माझ्या खांद्याइतकी उंच रास झाली. मग बर्फ पडला. एरवी आम्ही जपून जाळतो, संध्याकाळी शेगडी विझत आली तरी गोधड्या ओढून बसतो. त्या हिवाळ्यात यांगाचा हात सैल सुटला. शेगडी दिवसभर धडधडायची आणि ती तिच्यासमोर बसून राहायची.

मी रास मोजली, रोजचा खप काढला, आणि तिला सांगितलं की या वेगाने फेब्रुवारी सरेपर्यंतही लाकूड पुरणार नाही.

"नाही पुरलं तर नाही पुरलं," ती म्हणाली.

आई गोधडीतून बघत होती. "असं भराभर जाळलंस म्हणून नवरोज लवकर यायचा नाही, पोरी."

"ठाऊक आहे," यांगा म्हणाली, शेगडीचं झाकण उघडलं आणि अजून एक फोड आत सरकवली.